लाल कॅबिनेटचं मूळ रूप कोणतं?

१९८१ साली अमेरिकेत सिॲटल शहरालगतच्या टक्विला इथल्या एका गोदामात निन्टेन्डोची सुमारे दोन हजार व्हिडिओ गेम मशीन धूळ खात पडली होती. गेमचं नाव रडार स्कोप. जपानहून तीन हजार मशीन मागवली होती. ती जहाजाने येईपर्यंत त्या गेमची हवा ओसरली आणि जेमतेम हजारभर खपली. अमेरिकेतला कारभार पाहणारे मिनोरू अराकावा यांनी कंपनीचे अध्यक्ष आणि आपले सासरे हिरोशी यामाउची यांना गळ घातली, की याच पेट्यांत बसेल असा नवा गेम द्या. क्योटोत गुनपेई योकोइ यांच्या देखरेखीखाली शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरकडे ते काम आलं आणि त्यातून डाँकी काँग जन्माला आला. बदलाचे सुटे भाग अमेरिकेत पोचल्यावर अराकावा, त्यांच्या पत्नी योको आणि मोजके सहकारी कामाला बसले. त्यांनी एकेक मशीन उघडलं, आतल्या बोर्डांत फेरफार केले, वरची उजळणारी नावाची पाटी बदलली, नवी चित्रं चिकटवली. कॅबिनेटचा लाल रंग मात्र तसाच राहिला. निळी कॅबिनेट नंतर आली. म्हणजे आज संग्राहक ज्या लाल डाँकी काँगला सगळ्यात आधीचा आणि सगळ्यात अस्सल मानतात, तो मुळात दुसऱ्याच गेमच्या पेटीत बसवलेला आहे.

जुनं, झिजलेलं, मध्येच कधीतरी दुसऱ्या गेमसाठी बदललेलं कॅबिनेट कुणाच्या हाती लागलं, की त्याचं काय करायचं हा प्रश्न येतो, तेव्हा या लाल पेट्यांची आठवण ठेवायला हवी. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. वरचा काळा रंग खरवडायचा, भोकं बुजवायची, नवी छापील चित्रं लावायची आणि मशीन कारखान्यातून निघालं त्या दिवशी होतं तसं करायचं. या जीर्णोद्धाराच्या उत्साहामागचं प्रेम खरं आहे, त्यात शंका नाही. पण त्यामागचं गृहीतक मला मान्य नाही. मधला बदल म्हणजे निव्वळ विटंबना, इतिहासावर चढलेला मळ, असं ते मानतं. माझं म्हणणं असं, की तो बदल हाच या धंद्याचा इतिहास आहे, आणि तो पुसायचा असेल तर तसं करण्याचं कारण पुसणाऱ्याने द्यायला हवं.

धंदा कसा चालायचा ते पाहिलं की हे पटेल. अमेरिकेत ही मशीन बहुधा दुकानदाराची नसत. ऑपरेटर ती विकत घेऊन बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानात, किराणा दुकानाच्या दाराशी ठेवायचा आणि गल्ला साधारण निम्मा-निम्मा वाटला जायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या मशीनला दोन-अडीच हजार डॉलर पडत. खेळाचा दर पाव डॉलर. अडीच हजार म्हणजे दहा हजार नाणी. त्यातली निम्मी दुकानदाराची, म्हणून मुद्दल सुटायलाच वीस हजार खेळ व्हायला हवेत, आणि वीज-दुरुस्तीचा खर्च अजून धरलेलाच नाही. नेहमीचं गिऱ्हाईक काही आठवड्यांत गेमला कंटाळतं. मग कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या ऑपरेटरने करायचं काय? लाकडी पेटी, पडदा, नाण्याचं दार, वीजपुरवठा हे सगळं ठणठणीत असताना नुसता बोर्ड, पाटी आणि चित्रं बदलून नवा गेम मिळत असेल, तर तो तेच करणार. १९८३ च्या सुमारास या धंद्याला मंदीने घेरलं, तेव्हा तर कितीतरी ऑपरेटर या कन्व्हर्जन किटवरच तगले. निन्टेन्डोने स्वतः १९८४ पासून व्हीएस या गेम-मालिकेची किट आपल्याच जुन्या कॅबिनेटसाठी विकली. अनेक डाँकी काँग त्यात गेले. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या जामा या संघटनेने छप्पन पिनांच्या जोडणीचं एकच मानक ठरवलं आणि बोर्ड बदलणं हे सोल्डरिंगच्या उस्तादाचं काम न राहता अर्ध्या तासाचं झालं. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या पेट्या तर बहुतेक याच जातीच्या. कॅपकॉमच्या कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्सला, ज्याला पोरं मुस्तफाच म्हणायची, स्वतःची अशी पेटी आपल्या गावांत क्वचितच होती. साधी प्लायवूडची पेटी, आत आज हा बोर्ड, उद्या तो.

बदलाची ही परंपरा नुसती काटकसरीची होती असंही नाही. डग मॅक्रे आणि केविन करन हे एमआयटीचे विद्यार्थी कॅम्पसवर मशीन चालवायचे. मिसाइल कमांडची कमाई उतरली तेव्हा त्यांनी आणि साथीदारांनी जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या नावाने त्या गेमला कठीण करणारं एक किट काढलं. मिसाइल कमांडची उत्पादक अटारी हिने खटला भरला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. त्यांचं पुढचं किट पॅक-मॅनसाठी होतं. ते त्यांनी पॅक-मॅनची अमेरिकेतली उत्पादक मिडवे हिलाच दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यातून मिस पॅक-मॅन बाजारात आली. अमेरिकेत तिची लाखाच्या वर मशीन खपली. मूळ मिस पॅक-मॅन उघडून पाहिली तर आत पॅक-मॅनचाच बोर्ड आणि त्याला जोडलेला एक छोटा जादा बोर्ड दिसतो. या धंद्यातल्या सर्वात यशस्वी गेमपैकी एक असा दुसऱ्याच्या पाठीवर बसून आला.

आता अशा एका बदललेल्या पेटीकडे जवळून पाहू. बाजूच्या काळ्या रंगावर विजेरी तिरकी धरली तर खालच्या जुन्या चित्राच्या कडा उठावदार दिसतात; छपाईच्या शाईच्या थराला स्वतःची जाडी असते. शेंदराच्या पुटांखाली मूर्तीचे डोळे जाणवावेत तसं. कंट्रोल पॅनेलवर नव्या पत्र्याच्या खाली जुन्या जॉयस्टिकचं भोक लाकडी चकती ठोकून बुजवलेलं असतं. पॅनेलच्या काठावर सिगारेट टेकवल्याचे तपकिरी व्रण. नाण्याच्या दारावर आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप, कारण कधीतरी कुणीतरी दार फोडून गल्ला नेला होता. मागच्या फळीच्या आत पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा आणि आकडे. आणि पडदा बंद असताना काचेवर पुसट करडी रेघ: वर्षानुवर्षं तेच चित्र उभं राहिल्याने पॅक-मॅनचा चक्रव्यूह काचेमागच्या फॉस्फरमध्ये जळून कायमचा उमटलेला. वर दुसरा गेम चालू असतानाही तो चक्रव्यूह खाली दिसत राहतो. हे सगळं कुठल्याच जाहिरातपत्रकात किंवा कंपनीच्या दप्तरात नाही. ते फक्त या पेटीच्या अंगावर आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कलावंताच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. त्या काळी कॅबिनेट ही नुसती खोकी नव्हती; बाजूचं चित्र, काचेचा कोन, हाताखालची रचना हे सगळं मिळून गेम होता. टेम्पेस्ट या गेमची गोल फिरणारी मूठ काढून तिथे जॉयस्टिक लावली, की टेम्पेस्ट उरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण कलावंताचं मूळ काम पाहायला आज आपल्याला याच पेटीची गरज आहे का, हेही विचारायला हवं. पॅक-मॅनची अभंग मशीन अजूनही मोठ्या संख्येने आहेत. गेमचा प्रोग्राम म्हणाल, तर १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी मेम हे सॉफ्टवेअर आणलं, आणि आज त्यावर हजारो जुने गेम साध्या संगणकावर चालतात. खेळ जसजसा पेटीपासून सुटा होऊन सुरक्षित झाला, तसतसं फक्त पेटीपाशी उरलेलं धन म्हणजे तिचा देह आणि त्यावरच्या खुणा. त्या खुणा खरवडून वर आजच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेलं चित्र चिकटवलं, तर हाती येते ती जुन्या लाकडावरची नवी प्रत. ती देखणी असेल. पण तशी प्रत नव्या प्लायवूडवरही बनते, आणि मग जुनं लाकूड कशासाठी खर्ची घालायचं?

दुसरा आक्षेप असा, की हे बदल कलेच्या नव्हे तर नफ्याच्या पोटी, करवतीने, घाईघाईत झाले; असल्या ओबडधोबड कामाचा आदर कसला? वास्तूंच्या जतनाच्या क्षेत्रात हा वाद जुना आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने त्यावर भूमिका घेतली: वास्तूत वेगवेगळ्या काळी पडलेली योग्य भर जपावी, सगळी इमारत एकाच शैलीची करणं हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नव्हे, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. सनदेने योग्य भर म्हटलं आहे, वाटेल ती नाही, असं कुणी म्हणेल. ते खरंच. पण जे यंत्र पहिल्या दिवसापासून नाणी गोळा करायलाच बांधलं गेलं, त्याच्या बाबतीत नफ्यासाठी केलेला बदल परका कसा ठरेल? डिझायनरने आणि कारखान्याने जे केलं ते इतिहास, आणि व्हॅनमध्ये हत्यारं टाकून गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञाने केलं ती नासधूस, ही विभागणी मला अन्यायाची वाटते.

तिसरा मुद्दा खेळणाऱ्यांचा: बंद पडलेलं मशीन म्हणजे मढं, ते चालतं करायलाच हवं. अगदी बरोबर, पण दुरुस्ती वेगळी आणि जीर्णोद्धार वेगळा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्याचे सुकलेले कपॅसिटर बदलणं, वीजपुरवठा नीट करणं, गंजलेले संपर्क घासणं यात पेटीची एकही खूण पुसली जात नाही. हे जरूर करावं, तेही जाणकाराकडूनच, कारण रंगीत ट्यूबमध्ये वीसएक हजार व्होल्टचा दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

मग मूळ रूप कधीच आणू नये का? आणावं, पण अटीवर. खालचं चित्र खरोखर शाबूत असेल, वरचा थर साधा आणि शेकडो ठिकाणी सापडणारा असेल, आणि ज्या गेमची पेटी आहे त्याची अभंग मशीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील, तर हीट गनने हळूहळू वरचा रंग सोडवणं मला पटतं. त्यातही सुटे भाग दुसरी धडधाकट पेटी मोडून आणलेले नसावेत; एकीला पूर्ण करायला दोन मारायच्या, हा हिशेब वाईट आहे. आणि लाल कॅबिनेटपाशी हा नियमही अडतो. रडार स्कोप आज दुर्मीळ आहे, तो याचसाठी की त्याच्या पेट्यांचे डाँकी काँग झाले. एखाद्या लाल पेटीत पुढे व्हीएस किट बसलेलं असेल, तर तिला तीन जन्म आहेत. तिचा रडार स्कोप करायचा तर त्या गोदामात हाताने घडलेला डाँकी काँग मोडावा लागतो. डाँकी काँग करायचा, तर तो ज्या सवयीतून जन्मला त्याच सवयीचा पुढचा पुरावा फेकावा लागतो. अशी पेटी मी जशी आहे तशीच ठेवेन, तिसऱ्या जन्मात. चालती करेन, चारी बाजूंचे आणि आतल्या प्रत्येक तारेचे फोटो काढेन, आणि बदललेले जुने भाग फेकून न देता पिशवीत घालून, पिशवीवर तारीख लिहून, मागच्या दाराच्या आत खाली ठेवून देईन.