रुळाचा ताबा की इंजिनाचा? : प्रतिकृती रेल्वेच्या नियंत्रणाचा इतिहास आणि दारव्ह्याचा अरुंद मार्ग

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून जाणारा मूर्तिजापूर-यवतमाळ हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचवण्यासाठी बांधला गेला. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा, परंतु प्रारंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चालवलेला हा मार्ग नॅरोगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. पुढे लोकांनी ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखलेल्या या मार्गाची मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शाखा ११३ किलोमीटरची होती आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही दुसरी शाखा धरून एकूण लांबी सुमारे १९० किलोमीटर भरत असे. अशा मार्गाची लहान आकाराची, प्रत्यक्ष धावणारी प्रतिकृती करायची झाल्यास तिला शक्ती कशी पुरवावी आणि तिचे नियंत्रण कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रश्न वरकरणी छंदाचा वाटला तरी त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास खऱ्या रेल्वेच्या इतिहासाला समांतर जातो.

खऱ्या एकेरी मार्गावर नियंत्रण प्रथम इंजिनाचे होत नाही, मार्गाच्या तुकड्याचे होते. दोन स्थानकांमधील मार्ग हा एक खंड मानला जातो आणि एका वेळी त्या खंडात एकच गाडी असावी, हा मूलभूत नियम पाळला जातो. या नियमाची हमी देण्यासाठी भारतीय रेल्वेवर अनेक ठिकाणी गोळ्याची पद्धत प्रचारात होती. दोन्ही स्थानकांवरील यंत्रे विजेने परस्परांशी अशी जोडलेली असत की एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच लोखंडी गोळा बाहेर निघे. तो चामडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या कड्याला अडकवून चालकाच्या हाती दिली जाई, आणि गोळा हाती नसलेल्या चालकाला पुढील खंडात शिरण्याची मुभा नसे. गाडी किती वेगाने हाकायची हे चालक ठरवी, परंतु ती हाकण्याचा अधिकार त्याला मार्गाकडून मिळे. मार्गाचा ताबा आणि इंजिनाचा ताबा हा भेद ध्यानात ठेवला की प्रतिकृती रेल्वेच्या नियंत्रणाची वाटचाल उलगडते.

आरंभीच्या खेळण्यातील गाड्यांना असा भेद ठाऊक नव्हता, कारण त्यांची शक्ती त्यांच्या पोटातच असे. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चावीने चालणाऱ्या गाड्या मांडल्या. त्याच काळात स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खऱ्या वाफेवर धावणारी लहान इंजिनेही विकली जात. चावी संपली किंवा वाफ उतरली की गाडी थांबे, आणि तोपर्यंत दुरून तिच्यावर फारसा अंमल चालत नसे. विजेने ही स्थिती पालटली, परंतु प्रथम जोखीम पत्करून. इंग्लंडमध्ये हॉर्न्बी कंपनीने १९२५ मध्ये आणलेली पहिली विद्युत गाडी घरातील दिव्यांच्या विजेवरच चालत असे. वाटेत एक दिवा जोडून प्रवाह कमी केला जाई, तरी खेळणाऱ्या मुलाच्या हाताशी येणारा विद्युतदाब धोक्याचाच राहत असे. ट्रान्सफॉर्मरने दाब आधीच उतरवून रुळांत वीस व्होल्ट किंवा त्याहून कमी वीज सोडण्याची प्रथा त्यानंतर रूढ झाली, आणि गाडीची शक्ती व तिचे नियंत्रण या दोन्ही गोष्टी गाडीबाहेरच्या एका पेटीत येऊन बसल्या.

या स्थित्यंतराचे, हॉर्न्बीच्या गाडीच्याही आधीचे, एक विलक्षण उदाहरण मराठी राजघराण्यात सापडते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडहून निघून ग्वाल्हेरला स्थिरावलेल्या शिंदे घराण्यातील माधवराव महाराजांना रेल्वेचे वेड होते. त्यांच्या संस्थानात दोन फुटी नॅरोगेज मार्गांचे जाळे विणले गेले आणि जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात मेजावर चांदीची एक गाडी फिरू लागली. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोके या विख्यात प्रतिकृतिकारांनी १९०६ मध्ये बनवलेली ही विजेवर चालणारी गाडी पाहुण्यांपुढून मद्याच्या सुरया नेत असे, आणि एखाद्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबून ती परत ठेवल्यावर पुढे निघत असे. येथे गाडी एकच असल्यामुळे मार्ग आणि इंजिन असा भेद करण्याची गरज नव्हती. चालू किंवा बंद एवढाच हुकूम पुरेसा होता, आणि तो देण्याची सोय आतिथ्याच्या गरजेतून निर्माण झाली होती. नियंत्रणाची पद्धत गाडीकडून अपेक्षित असलेल्या कामावरून ठरते, हे तत्त्व या मेजावर अगदी स्पष्ट दिसते.

एकाच मांडणीवर दोन गाड्या आल्या की ही साधी व्यवस्था अपुरी पडते. हॉर्न्बी डब्लो या १९३८ च्या मालिकेने बारा व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, लोकप्रिय केला. या पद्धतीत रुळातील दाब वाढवला की इंजिन वेगाने धावते आणि धन-ऋण ध्रुवांची अदलाबदल केली की ते उलट दिशेने जाते. ज्या पेटीवरील खुंटी फिरवून हे केले जाते तिला कंट्रोलर म्हणतात. परंतु रुळात सोडलेली वीज त्या रुळावरील सर्व इंजिनांना सारखीच मिळत असल्यामुळे दोन गाड्या वेगवेगळ्या चालवण्यासाठी रुळाला ठिकठिकाणी तोडून खंड पाडावे लागले आणि प्रत्येक खंडाला स्वतंत्र बटण देऊन तो कोणत्या कंट्रोलरच्या ताब्यात आहे हे ठरवावे लागले. ही रचना गोळ्याच्या पद्धतीची घरगुती आवृत्तीच होती, कारण चालवणाऱ्याच्या हाती असलेला अधिकार खंडाचा होता, इंजिनाचा नव्हता. मात्र खंड वाढत गेले तसे तारांचे जंजाळही वाढले, आणि मोठ्या मांडणीखाली शिरून एक सुटलेली तार शोधणे हा या छंदाचा अटळ भाग होऊन बसला.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप पुण्यात मिळाले. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या आवडीतून १९९८ मध्ये कोथरूड परिसरात लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, आणि तेथील मांडणीत ८७ ला १ या प्रमाणातील, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या गाड्या, सिग्नल, सांधे आणि रस्ते एकाच नियंत्रणफलकावरून संगणकाच्या साह्याने चालवले जातात. प्रेक्षकांसमोर ठरलेल्या क्रमाने अनेक गाड्या धावत्या ठेवायच्या असल्यामुळे येथे मुख्य महत्त्व वेळापत्रकाला आहे, आणि एखाद्या गाडीला हाताने हळुवार हाकण्याचे सुख दुय्यम ठरते.

इंजिनाचा ताबा थेट घेण्याची कल्पना मात्र याआधीच मूर्त झाली होती. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६० च्या दशकात ॲस्ट्रॅक नावाची, एकाच रुळावरून पाच इंजिनांना वेगवेगळे संकेत पाठवणारी पद्धत बाजारात आणली. हॉर्न्बीच्या १९७९ मधील झीरो वन या पद्धतीने सोळा इंजिने हाताळता येऊ लागली. प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी असल्यामुळे एकाचे इंजिन दुसऱ्याच्या मांडणीवर चालत नसे. ही अडचण अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने दूर केली. जर्मनीतील लेंझ कंपनीच्या तंत्रावर आधारलेले डिजिटल कमांड कंट्रोल, संक्षेपाने डीसीसी, हे समान मानक तिने १९९० च्या दशकात स्वीकारले. या पद्धतीत रुळांत पूर्ण दाबाची वीज सतत खेळती असते आणि तिच्या ध्रुवांची अदलाबदल अतिशीघ्र वेगाने करून संदेश पाठवला जातो: अदलाबदल ५८ मायक्रोसेकंदांनी झाली तर ‘एक’ आणि सुमारे १०० मायक्रोसेकंदांनी झाली तर ‘शून्य’. इंजिनातील डीकोडर नावाची इलेक्ट्रॉनिक पट्टी हे अंक वाचते, संदेशातील क्रमांक आपला असेल तरच तो मानते आणि मोटारीला त्यानुसार वीज देते.

आता हा इतिहास दारव्ह्याच्या मार्गाला लावून पाहता येतो. ८७ ला १ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे अंतर ८.७६ मिलिमीटर होते, त्यामुळे बाजारात सहज मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ या मार्गाला जवळजवळ तंतोतंत बसतो. ११३ किलोमीटरची लांबी मात्र याच प्रमाणात सुमारे १३०० मीटर भरत असल्याने घरात एखादे स्थानक आणि त्याच्या आसपासचा मार्गच मांडता येईल. शेवटच्या काळात या मार्गावर गाड्या मोजक्याच धावत आणि त्यांवरील थोडे कर्मचारीच तिकिटे देणे, सिग्नल पाडणे, इंजिन सोडणे-जोडणे अशी सर्व कामे करीत. नियंत्रण स्थानकात न बसता गाडीबरोबरच फिरत असे. गाड्यांच्या संख्येचा विचार केला तर येथे एक साधा कंट्रोलर पुरेसा आहे आणि डिजिटल पद्धतीचा खर्च अनाठायी ठरतो.

वेगाचा विचार केला की निष्कर्ष बदलतो. ताशी वीस किलोमीटरने रखडत जाणारी गाडी प्रतिकृतीत सेकंदाला जेमतेम साडेसहा सेंटिमीटर पुढे सरकली पाहिजे, आणि साध्या कंट्रोलरवर एवढी मंद गती साधण्यासाठी रुळातील दाब इतका उतरवावा लागतो की धुळीचा एखादा कण चाकाखाली येताच लहानसे इंजिन जागीच अडते. डिजिटल पद्धतीत रुळातील दाब पूर्ण असल्यामुळे वीज चाकापर्यंत अधिक खात्रीने पोहोचते आणि मोटारीचा वेग डीकोडर आतून सांभाळतो. याउलट जो मूर्तिजापूर जंक्शनची प्रतिकृती करील, त्याला भुसावळ-नागपूर या मुख्य मार्गावरील गाड्यांबरोबर नॅरोगेजच्या दोन शाखाही चालवाव्या लागतील, आणि त्याच्यापुढे अनेक इंजिने एकाच वेळी हाताळण्याचा प्रश्न प्रथम उभा राहील. एकाच लोहमार्गाची दोन स्थानके अशा रीतीने दोन वेगळ्या कारणांसाठी डिजिटल पद्धतीकडे नेतात, तर केवळ दर्शनी मांडणी हवी असेल तर ग्वाल्हेरच्या मेजावरील साधेपणाही पुरतो.

या वाटचालीवरून हे ध्यानात येते की नवी पद्धत आली म्हणून जुनी निरुपयोगी ठरली नाही. प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीची एखादी विशिष्ट अडचण सोडवण्यासाठी निर्माण झाली आणि जेथे ती अडचण नव्हती तेथे जुनीच टिकून राहिली. म्हणून दारव्हा तालुक्याच्या या मार्गाची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने उपकरणांच्या किमती तपासण्याआधी त्या मार्गाचे वेळापत्रक तपासावे: एका वेळी किती इंजिने धावत, कोणत्या वेगाने धावत आणि त्यांना थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवडीचा बराचसा भाग आपोआप होऊन जातो.