पास्ट मास्टर्स

द बीटल्स या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या मूळ दीर्घ ध्वनिमुद्रिकांबाहेर राहिलेल्या ३३ ध्वनिमुद्रणांचा दोन भागांतील संग्रह. तो ७ मार्च १९८८ रोजी प्रसिद्ध झाला. ज्याची वाद्यसंगत मुंबईत ध्वनिमुद्रित झाली, असे बीटल्सचे एकमेव गीत ‘द इनर लाइट’ याच्या दुसऱ्या भागात आहे. भारतीय संगीताच्या इतिहासात या संग्रहाची दखल घ्यावी लागते ती प्रामुख्याने त्यामुळे.

दोन गीतांच्या छोट्या तबकडीवर आलेली गीते दीर्घ ध्वनिमुद्रिकेत सहसा पुन्हा घ्यावयाची नाहीत, असा इंग्लंडमध्ये बीटल्सचा प्रघात होता. ग्राहकास एकाच गीताचे मूल्य दोनदा द्यावे लागू नये, हा त्यामागील हेतू. परंतु त्यामुळे ‘हे ज्यूड’ सारखी अत्यंत लोकप्रिय गीतेही दीर्घ ध्वनिमुद्रिकांबाहेर राहिली. १९८७ मध्ये मूळ दीर्घ ध्वनिमुद्रिका कॉम्पॅक्ट डिस्कवर आणल्या गेल्या, तेव्हा ही उणीव ठळक झाली आणि ती भरून काढण्यासाठी प्रस्तुत संग्रह सिद्ध करण्यात आला.

वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) हा सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी. हे काम फिरोजशाह मेहता मार्गावरील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रण-कक्षात चालले. कक्ष पुरेसा ध्वनिरोधक नसल्याने रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत येई. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ ची वाद्यसंगत मुद्रित झाली. आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (पखवाज), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि रिजराम देसाड (हार्मोनियम) हे वादकांपैकी होत. आकाशवाणीने १९४० पासून वर्ज्य ठरविलेली हार्मोनियम येथे मात्र निःसंकोचपणे गीताच्या अग्रभागी आहे. हार्मोनियम वगळता पाश्चात्त्य वाद्य या गीतात एकही नाही.

गीताचा आशय लाओ-त्झूच्या ‘ताओ-ते-जिंग’ च्या ४७ व्या प्रकरणावर आधारलेला आहे. ही कल्पना केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक ह्वान मास्कारो यांनी हॅरिसनला पत्राने सुचविली होती. गायन फेब्रुवारी १९६८ मध्ये लंडन येथे मुद्रित करण्यात आले आणि १५ मार्च रोजी ‘लेडी मॅडोना’ च्या मागील बाजूस हे गीत प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिलीच रचना होय. मागील बाजूची गीते आकाशवाणी केंद्रांवरून क्वचितच वाजविली जात. शिवाय तबकडीवर वादकांची नावेही नव्हती. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) च्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापलेले होते, तसेच ‘वंडरवॉल’ च्या ध्वनिमुद्रिकेवरही वादकांचा नामनिर्देश होता. ‘द इनर लाइट’ च्या वाट्याला ते आले नाही आणि मुंबईच्या वादकांचे हे काम दीर्घकाळ अनामिकच राहिले.

पुढे दहा वर्षे हे गीत बीटल्सच्या कोणत्याही दीर्घ ध्वनिमुद्रिकेत आले नाही. १९७८ च्या ‘रॅरिटीज’ या संग्रहात ते प्रथम समाविष्ट झाले. तथापि तो मुख्यतः संग्राहकांसाठीच होता. ‘पास्ट मास्टर्स’ मुळे ते बीटल्सच्या नियमित ध्वनिमुद्रिका-संचाचा भाग बनले. संग्रहाची मांडणी कालानुक्रमे आहे. कलाकृती म्हणून तिच्यात एकसंधता नाही: आरंभीची प्रेमगीते, जर्मन भाषेतील दोन गीते आणि अखेरच्या काळातील प्रयोग एकामागून एक येतात. मात्र या साध्या क्रमामुळेच ‘द इनर लाइट’ आपल्या मूळ जोडगीतालगत, ‘लेडी मॅडोना’ आणि ‘हे ज्यूड’ यांच्यामध्ये ऐकावयास मिळते. २००९ मध्ये दोन्ही भाग ध्वनिसंस्कार करून एकत्र काढण्यात आले. २०१८ मध्ये ‘द बीटल्स’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेच्या विस्तारित आवृत्तीत मुंबईतील वाद्यसंगतीचे सहावे मुद्रण गायनाविना प्रसिद्ध झाले; त्यात सरोद, बासरी व पखवाज यांचा मेळ स्वतंत्रपणे ऐकता येतो.