पाणथरी काढावी केव्हा?

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात तांबड्या पेशी जन्मतःच सदोष असतात. त्यांचा नाश मात्र मुख्यतः पाणथरीत होतो. पेशीच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या अँकिरिन, स्पेक्ट्रिन यांसारख्या प्रथिनांत उणीव असली की आवरणाचे तुकडे झडत जातात. पृष्ठभाग घटतो, आतला ऐवज जवळजवळ तेवढाच राहतो आणि लवचीक चकतीचा ताठर गोळा होतो. पाणथरीतल्या अरुंद फटींतून तो पार होत नाही. अडकतो आणि भक्षक पेशी त्याला गिळतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही त्याच्या कितीतरी आधी संपते. मुलाचा फिकेपणा, कावीळ, पुढे होणारे पित्तखडे, सगळ्यांचे मूळ या नाशात आहे.

पाणथरी काढली की रक्तक्षय बहुधा मिटतो. पेशी गोलच राहतात, पण त्यांना अडवणारी जागा उरत नाही. मात्र न्यूमोकॉकससारख्या कवचधारी जंतूंना रक्तातून गाळणारी जागाही हीच. अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या शल्यवैद्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, की वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत पाणथरी काढलेल्या पाच अर्भकांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाला. तेव्हापासून प्रश्न शस्त्रक्रिया जमते का हा राहिला नाही. ती कोणावर आणि कोणत्या वयात करावी, हा झाला.

आजार सौम्य असेल तर पाणथरीला हात लावू नये. वरचेवर रक्त भरावे लागत असेल, वाढ खुंटली असेल, तर ती काढणे योग्य. तेही शक्यतो सहा वर्षांनंतर. मधल्या गटातच खरी कसोटी लागते. तिथे घाई करण्यापेक्षा वाट पाहणे मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते. काही ठिकाणी अंशतः पाणथरी काढून संरक्षण टिकवतात, पण उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो. निदान पक्के हवेच: याच्याशी साम्य असलेल्या आनुवंशिक स्टोमॅटोसायटोसिसमध्ये पाणथरी काढल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा मोठा धोका असतो.

न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब यांच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी द्याव्यात. नंतर निदान बालपणी पेनिसिलिन चालू ठेवावे. धोका आयुष्यभर राहतो, मलेरियाही अधिक तीव्र होऊ शकतो. आईवडिलांनी एवढे करावेच: अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे आणि पाणथरी काढली आहे हे दारातच सांगावे.