रद्दीत काय जातंय, एकदा बघा!

मंडळी, मागे एका वाचनालयात जुनी पुस्तकं बाद करायचं काम चाललं होतं. जीर्ण पुस्तकांची यादी झाली, समितीची मंजुरी आली, दाखल नोंदवहीत शेरा पडला, गठ्ठे बांधले. सगळं रीतसर. जागा कमी, नवी पुस्तकं घ्यायचीत, हे मलाही कळतं. पण एका गठ्ठ्यात आपल्याच भागातल्या शाळेची जुनी स्मरणिका दिसली आणि धुळं आठवलं.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव फिरले. घरच्यांना जे कागद अडगळ वाटत, त्यांतूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. पहिला खंड १८९८चा. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच वारले. त्यांचा संग्रह जपायला १९२७ साली तिथेच राजवाडे संशोधन मंडळ निघालं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली, मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली. ती आज वाग्देवता मंदिरात आहेत.

जळगावचं व. वा. वाचनालय तर १८७७चं. अशा जुन्या कपाटांत काय काय असेल!

खपाची कादंबरी फाटली तर अनुदानातून दुसरी प्रत येते. गावची स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचा अंक कुठून आणणार?

तुमच्यापैकी बरेच जण वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. बाद यादीवर सही करण्याआधी एवढंच विचारा: ही प्रत आणखी कुठे आहे का? उत्तर मिळेपर्यंत गठ्ठा बांधू नका, भाऊ.