बालवाडीतील विज्ञान, अभियांत्रिकी व कोडिंग

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू हाताळून, जोडून, मोडून आणि पुन्हा जोडून विज्ञान, रचना व संगणकीय आज्ञा यांची ओळख करून देणारी शिक्षणपद्धती. या वयात वाचता येत नसते, म्हणून धड्याची सुरुवात वस्तूपासून होते. कोडिंगही याला अपवाद नाही, आणि अलीकडे हेच सर्वांत जास्त विसरले जाते.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या साधनांपैकी तिसरे म्हणजे आठ छोट्या घनांचा बनलेला लाकडी ठोकळा. मूल तो सुटा करते, त्याचा जिना किंवा पूल रचते आणि शेवटी अखंड ठोकळा जुळवून पेटीत ठेवते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. शिंपले, बिया, पाने, खडे हेच त्यांचे साहित्य होते. महागड्या संचाशिवाय हे शिक्षण होत नाही, असे मानणाऱ्यांनी कोसबाडचे काम जरूर पाहावे.

वर्गातले प्रयोग साधेच असतात. मातीचा गोळा पाण्यात बुडतो. त्याच गोळ्याची पातळ वाटी केली की तरंगते. बालवाडीच्या ताईंनी इथे लगेच कारण सांगू नये. मुले वाटीत खडे टाकत जातात, वाटी कधी बुडेल याचा अंदाज बांधतात आणि तो चुकला की वाटी आणखी पसरट करतात. साध्या वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांच्या काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब जोडण्याच्या खेळात चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र हटत नाही. लहान बोटांना ट्यूब जोडणे जड जाते, म्हणून आकृत्या ताईंनी तयार कराव्यात. दाबून बघण्याचे काम मुलांचे.

लहानांच्या कोडिंगची सुरुवात पडद्यावर झाली नाही. सीमोर पॅपर्ट आदींनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली, पण तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत. अमेरिकेतील एमआयटीमध्ये रेडिया पर्लमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास ही अडचण दूर केली. त्यांच्या ‘टॉर्टिस’मध्ये मूल बटणे दाबून किंवा खाचांत चित्रांचे पत्ते बसवून जमिनीवरचे यांत्रिक कासव चालवी. पुढे संगणक जाळ्यांतील संशोधनामुळे पर्लमन जगभर प्रसिद्ध झाल्या. हे आधीचे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

तीच दिशा टफ्ट्स विद्यापीठात मरीना उमाशी बर्स यांच्या संशोधनातून घडलेल्या ‘किबो’त दिसते. त्यात लाकडी ठोकळ्यांची रांग म्हणजे प्रोग्राम. प्रत्येक ठोकळ्यावरचा बारकोड यंत्रमानवाला दाखवायचा असतो. ‘टाळीची वाट पाहा’ हा ठोकळा लावला, पण यंत्रमानवावर कानाच्या आकाराचा संवेदक बसवायचा राहिला, तर कितीही टाळ्या वाजवल्या तरी तो पुढे जात नाही. चूक आज्ञांत आहे की यंत्रात, हे पाच वर्षांच्या मुलाला इथे स्वतः शोधावे लागते. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये आलेले ‘स्क्रॅच ज्युनिअर’ टॅब्लेटवर चालते. त्यातील आज्ञा चित्ररूप आहेत. ते चांगले साधन आहे, पण जमिनीवरचा खेळ त्याच्या आधी यावा.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वयोगटासाठी खेळाधारित पायाभूत टप्पा आहे. कोडिंगचा उल्लेख त्यानंतर, माध्यमिकपूर्व टप्प्यात येतो. त्यामुळे बालवाडीत संगणक हवाच असे नाही. फरशीवर खडूने चौकटी आखाव्यात, एका मुलाने यंत्रमानव व्हावे, बाकीच्यांनी बाणांचे पत्ते मांडावेत. यंत्रमानवाने पत्ते सांगतील तेवढेच करायचे, पुढे भिंत आली तरी स्वतःहून वळायचे नाही. मग पत्ते मांडणारेच धावत येऊन बाण बदलतात.

वर्गातल्या प्रयोगांत विजेऱ्या व दिवे वापरलेच, तर बटण सेल टाळावेत. ते गिळले गेल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते.