वेण्णाकाठचं दहिवर

महाबळेश्वरला बर्फ पडल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी डिसेंबर-जानेवारीत येते. सोबत मोटारीच्या टपावरून खरवडलेल्या पांढऱ्या चुऱ्याचा फोटो. पर्यटक खूश होतात. तो बर्फ पडलेला नसतोच, ते असतं गोठलेलं दव. आमच्याकडे जुनी माणसं त्याला दहिवर म्हणत, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दात कौतुक मुळीच नसे.

माझ्या मामांचा वेण्णा तळ्याच्या खालच्या अंगाला अर्ध्या एकराचा स्ट्रॉबेरीचा तुकडा होता. शाळेत असताना एका जानेवारीत मी पहाटे त्यांच्याबरोबर तिथं गेलो. फुलांच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, टवटवीत. मामांनी एक फूल खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. मधला पिवळा गोंडा काजळासारखा काळा पडला होता. "फूल हसतंय, पण पोटात काही नाही," एवढंच ते म्हणाले. फुलापासून फळ व्हायला साधारण महिना लागतो. म्हणजे एका पहाटेत महिन्याभराची कमाई गेली होती.

या पहाटेचा इतिहास मला पुढं पुस्तकांत शोधावासा वाटला. 1828-29 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथं हवा खाण्याचं ठिकाण वसवलं. साहेबाला हवेबरोबर भाजीही विलायती लागे. ती पिकवली कोणी? चिनी आणि मलायी कैद्यांनी. 1834 च्या सुमारास त्यांच्यासाठी इथं तुरुंग उभा राहिला, तो तीसेक वर्षं चालला. सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या कैद्यांच्या बटाट्याच्या आणि भाजीच्या मळ्यांची वाखाणणी आहे. आपल्या बागाईतीच्या इतिहासात या माणसांची नावं कुठंच नाहीत, याची खंत वाटते. पुढं 1842 मध्ये सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तळं बांधलं. स्ट्रॉबेरीही इंग्रजांनीच आणली.

साहेबाच्या बागेचं वेळापत्रक मात्र इथं उलटंपालटं झालं. इंग्लंडातला माळी वसंतातलं शेवटचं दहिवर कधी पडेल याचा अंदाज घेतो आणि ते सरल्यावर नाजूक रोपं बाहेर लावतो. तिथं थंडी संपली की हंगाम सुरू. इथं पाऊस संपला की हंगाम सुरू, आणि दहिवर येतं ऐन बहरात. हिंदुस्थानासाठी बागकामाची वेगळी पुस्तकं लिहावी लागली ती यामुळंच. कलकत्त्याला 1860 च्या दशकात फर्मिंजर यांचं निघालं, आपल्या पुण्यात गणेशखिंडीची बाग सांभाळणाऱ्या वुड्रो यांनी लिहिलं. चुका मोठ्या सरकारी बागांनाही चुकल्या नाहीत. लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड झाली आणि फसली.

आमच्या शेतकऱ्याचं पंचांग नक्षत्रांचं. हस्ताचा पाऊस कसा, चित्राचा कसा, हे तो सांगे. पण दहिवराला नक्षत्र नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगटात साचते, आणि वेण्णा, लिंगमळा हे नेमके खोलगट. वेधशाळेचा पारा गावात उंचावर आणि जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगलेला. म्हणून तिथं सहा-सात अंशांची नोंद होते, आणि त्याच पहाटे तळ्याकाठच्या पानावर बर्फ असतो. दोघंही खरंच सांगत असतात.

मग लावायचं कधी? सप्टेंबरात घाई केली तर परतीच्या पावसात रोपं कुजतात. ऑक्टोबरअखेर लावली तर नाताळातल्या गिऱ्हाइकांचा चढा भाव हातचा जातो. 1990 नंतर कॅलिफोर्नियाची चँडलर, फ्लोरिडाची स्वीट चार्ली या जाती आल्या, गादीवाफे आले, ठिबक आलं, वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद आला. 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पहाटेची ती दोन तासांची धास्ती मात्र राहिलीच. 2018 च्या डिसेंबरअखेरीला तर तिकडं निफाडचा पाराही दोन अंशांखाली उतरला आणि द्राक्षवाल्यांनी बागांत शेकोट्या पेटवल्या.

मामांचा उपाय साधा होता. ते दहिवराची तारीख त्या-त्या वर्षीच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहीत आणि जुनी कॅलेंडरं टाकत नसत. ते गेल्यावर मामेभावानं ती सगळी पलंगावर पसरली. बहुतेक खुणा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच्या, काही थेट फेब्रुवारीतल्या. पण दर वर्षी खूण खालच्या तुकड्याचीच होती. बांधापलीकडचा, पुरुषभर उंचीवरचा तुकडा जवळजवळ दर वेळी वाचलेला.

मामेभाऊ आता स्ट्रॉबेरी वरच्या तुकड्यात लावतो, हस्त ओसरल्यावर. खालच्या तुकड्यात त्यानं गाजर आणि मुळा केला आहे. तिथं आजही दहिवर पडतं. थंडीचे ते दीड महिने तो पहाटे चारला उठून वरच्या वाफ्यांना पाणी मात्र देतोच.