सेव्रचा करार व त्याची राखलेली प्रत

राज्यें गेलीं, घराणीं बुडालीं. आतां हीं बाडें राखून लाभ काय, असा प्रश्न संग्राहकांस नेहमीं केला जातो. त्याचें उत्तर म्हणून एक दूरदेशची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

२६ जुलै १९५६ रोजीं इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीं सुएझ कालव्याची कंपनी सरकारजमा केली. ब्रिटनचे मुख्य प्रधान ईडन यांनीं बळाचा मार्ग धरिला. अमेरिका त्यास अनुकूल नव्हती. २९ ऑक्टोबरला इस्राएलनें इजिप्तवर स्वारी केली, तेव्हां लढणाऱ्यांस विलग करण्याच्या मिषानें ब्रिटन व फ्रान्स मध्यें पडले. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत युद्धबंदीचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनीं संमत झाला. त्या पांचांत लढणाऱ्या तिघांखेरीज ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड एवढेच होते.

पार्लमेंटांत विरोधी पक्षाचे नेते गेट्स्केल यांनीं या युद्धाचा कडक निषेध केला. सैन्य मोहिमेवर असतां विरोध केल्याचा दोष त्यांस लागला. त्यांजपाशीं अनुमान होतें, लेख नव्हता. परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री नटिंग यांस आंतील गोष्ट ठाऊक होती. त्यांनीं राजीनामा दिला, परंतु आपला वृत्तांत १९६७ पर्यंत छापिला नाहीं. इकडे युद्ध थांबल्यावर २० डिसेंबरला ईडन यांनीं सभागृहांत सांगितलें कीं, इस्राएलच्या हल्ल्याचें पूर्वज्ञान आम्हांस नव्हतें.

वस्तुतः २४ ऑक्टोबरलाच पॅरिसनजीक सेव्र येथें तिन्ही राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं फ्रेंच भाषेंतील सात कलमांच्या करारावर सह्या केल्या होत्या. त्याच्या पहिल्याच कलमांत २९ तारखेच्या हल्ल्याचा स्पष्ट निर्देश आहे. ईडन यांनीं ब्रिटिश प्रत नष्ट करविली व इतर प्रती परत आणण्यास माणसें धाडिलीं. तीं रिक्तहस्तें परतलीं. फ्रेंच प्रत पुढें गहाळ झाली. इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या दफ्तरांतील प्रत तेवढी राहिली व १९९६ मध्यें प्रसिद्धीस आली. गेट्स्केल १९६३ मध्येंच निवर्तले होते.

नटिंग यांचा ग्रंथ आमच्या मतें बखरीच्या कोटींतला: साक्ष मोलाची, पण स्मरणावर विसंबलेली. सहीचा अस्सल कागद निराळा. ज्यांनीं वेळेवर विरोध केला त्यांचें अनुमान खरें होतें, हें त्या कागदानें निर्विवाद ठरविलें. सत्ताधीश कागद जाळितो तो उगाच नव्हे. म्हणूनच आपण तो राखावयाचा.